पाठ होत नाही, की उमगलेलं नाही?

"कितीही वाचलं तरी लक्षातच राहत नाही." हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. म्हणून ही एक गोष्ट.

अकरावीतली मुलगी आईबरोबर आली होती. वहीत आवर्तसारणीच्या तिसऱ्या आवर्तातल्या, म्हणजे आडव्या ओळीतल्या, मूलद्रव्यांचे द्रवणांक (ती किती अंश सेल्सिअसला वितळतात ते आकडे) पानंच्या पानं लिहिलेले: सोडियम 98, मॅग्नेशिअम 650, ॲल्युमिनिअम 660, सिलिकॉन 1414, फॉस्फरस 44, सल्फर 115, क्लोरीन उणे 101, अरगॉन उणे 189. "अहो मॅडम, एवढं घोकते आणि पेपरात सगळं कोरं," आई म्हणाली.

पहिल्या भेटी परीक्षेची भीती नि झोप यांवरच गेल्या. मग एकदा मी विचारलं, "या ओळीत तुला खटकतं काय?"

"अणूचा आकार कसा नीट कमी होत जातो. केंद्रकावरचा प्रभार वाढतो, इलेक्ट्रॉन त्याच कवचात भरतात, म्हणून आत ओढले जातात. पण 1414 नंतर एकदम 44? दर वेळी वाटतं, मीच चुकले."

आकाराचं कारण तिनं न अडखळता सांगितलं होतं. म्हणजे स्मरणशक्ती ठणठणीत होती. ज्याचा अर्थ लागत नाही ते मन धरून ठेवत नाही, हे मी कायम मानत आले आहे. त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं.

मी म्हटलं, "सिलिकॉनच्या प्रत्येक अणूनं चार शेजाऱ्यांचे हात घट्ट धरलेत, सगळा गावच एकमेकांत गुंतलेला. वितळवायचं तर ते हात सोडवायला हवेत. पांढऱ्या फॉस्फरसमध्ये चौघाचौघांच्या टोळ्या. टोळीतले हात सुटत नाहीत, फक्त टोळ्या एकमेकींपासून सैल होतात."

ती वहीकडे बघत राहिली. मी मुद्दाम काहीच बोलले नाही.

"सल्फरची टोळी आठांची... मोठी, म्हणून ओढ जास्त, म्हणून 115! क्लोरीन म्हणजे दोघांची फुगडी. आणि अरगॉन एकटाच!"

आईचे डोळे भरून आले. माझेही.

पालकांनो, वीस वेळा लिहून घेऊ नका. आकडे झाकून ठेवा, मुलाला आधी अंदाज करू द्या, मग उघडून बघा. अंदाज चुकला तर रागावू नका, "असं का झालं असेल?" एवढंच विचारा. आलेखही काढायला लावा. सिलिकॉनचं ते शिखर हातानं काढलं की विसरत नाही.

पुढच्या भेटीत ती खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, मॅग्नेशिअमहून ॲल्युमिनिअम फक्त दहा अंशांनीच का जास्त? इलेक्ट्रॉन तर एक वाढतो ना?"