नवी मुंबई तर सिडको या सरकारी कंपनीने वसवली, मग तिथे जुनं असं काही आहे का?

आहे ना, भरपूर आहे! सिडको आली १९७० मध्ये, पण त्याच्या आधीपासून इथे आगरी-कोळ्यांची गावं, भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी सगळं होतंच, आणि ती गावं अजून सेक्टरांच्या मधोमध उभी आहेत, वाशीगाव, जुहूगाव, बेलापूरगाव बघा. नव्या शहरासाठी या गावांच्या जमिनी गेल्या तेव्हा इथले शेतकरी नेते दि. बा. पाटलांनी लढा उभा केला, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई-दास्तान आणि नवघरला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले, त्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांना परत द्यायची योजना आली. हे इथल्या प्रत्येक फ्लॅटवाल्याला माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं. लोकल वाशीला पोचली ती थेट १९९२ मध्ये. गावदेवीच्या जत्रेला नक्की जा, सोसायटीतली मंडळीपण येतात आता.