रिसर्च पेपरच्या प्रस्तावनेत लेखकाची भूमिका ओळखायची कशी?

तुम्ही म्हणताय सगळ्या प्रस्तावना सारख्याच वाटतात आणि गाईडला तर लेखकाचा स्टॅन्स, म्हणजे त्याची भूमिका, लिहून हवाय. एमएला माझंही हेच व्हायचं, मी सारांश लिहून न्यायचो आणि सर म्हणायचे, लेखक काय म्हणतो ते कळलं, पण तो करतोय काय?

भाषाभ्यासक जॉन स्वेल्सचं कार्स मॉडेल ('क्रिएट अ रिसर्च स्पेस', १९९०) बघा, प्रस्तावनेतल्या तीन चाली ते सांगतं, लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं आहे, आधी डब्यात शिरायचं म्हणजे विषय महत्त्वाचा आहे हे सांगायचं, मग फट कुठंय, म्हणजे आधीच्या अभ्यासात काय राहिलंय, ते दाखवायचं, मग तिथं टेकायचं, म्हणजे आपण काय करतोय ते सांगायचं. मी आधी फटच शोधतो, कारण स्टॅन्स बहुतेक तिथंच सापडतो. 'मात्र', 'तथापि', 'अद्याप' दिसलं की पेन्सिल काढायची. मराठी शोधनिबंधात "यावर स्वतंत्र अभ्यास झालेला दिसत नाही" हे वाक्य हमखास असतं, त्यातलं 'दिसत' बघा. 'झालेला नाही' म्हटलं आणि उद्या कुणी असा अभ्यास समोर टाकला तर पंचाईत, 'दिसत नाही'मध्ये सुटायला वाट आहे. यालाच हेजिंग म्हणतात.

चाली ओळीनेच येतात असंही नाही हं. वॉटसन-क्रिकचा १९५३ चा डीएनएवरचा पेपर घ्या, पहिल्याच वाक्यात ते थेट टेकतात, आम्ही एक रचना सुचवू इच्छितो म्हणून (सुचवू इच्छितो! एवढा मोठा शोध आणि भाषा बघा). लगेच पुढे पॉलिंग आणि कोरी या दुसऱ्या संशोधकांची तीन साखळ्यांची रचना येते, त्यांनी छापायच्या आधी हस्तलिखित वाचायला दिलं याचा गोड उल्लेख, आणि मग आमच्या मते ती दोन कारणांनी समाधानकारक नाही. फ्रेझर या आणखी एका संशोधकाची रचना तर इतकी मोघम आहे म्हणे की त्यावर बोलणारच नाही. आता यात आवाज कुठंय? 'आमच्या मते'मध्ये आहे, आणि न बोलण्यातही आहे.

दुसऱ्यांच्या कामाला कुठलं क्रियापद लावलंय तेही बघा, 'दाखवून दिलं' म्हणजे लेखकाला पटलंय, 'मांडलं' म्हणजे तटस्थ, 'दावा केला' म्हणजे आता पुढच्या वाक्यात टोला येणार. आणि प्रस्तावना लांबलचक असेल तर पहिली-दुसरी चाल फिरून फिरून येते, तेव्हा एक 'मात्र' सापडला म्हणून पेन्सिल ठेवू नका.