गरिबी आळसातून येते का, आणि सरकारी मदतीने माणूस आळशी होतो का?

कष्ट टाळणारे लोक गरीब राहतात आणि सरकारी मदतीने ते अधिकच आळशी होतात, हे खरे का, असे आपण विचारले आहे. मी बीड जिल्ह्यातील कोरडवाहू भागात वाढलो, म्हणून उत्तर तिथलेच देतो.

दिवाळीच्या सुमारास गाव सोडून ऊसतोडीला जाणारे जोडपे पहाटेपासून फडात राबते आणि रात्री-अपरात्री गाडी भरायची वेळ आली तरी उठते. त्यांच्या गरिबीचा आळसाशी काही संबंध नाही. जमीन थोडी, तीही पावसाच्या भरवशावर. खरीप निघाल्यावर गावात काम नसते. आणि घरात आजारपण किंवा लग्न निघाले की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घ्यावी लागते. एकदा उचल घेतली की मजुरीच्या दराबद्दल बोलण्याची सोय राहत नाही, आणि हंगामाअखेर ती फिटली नाही तर पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाबरोबर जाणे भाग पडते.

ही साखळी तोडण्यासाठी मदत हवी. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडून जगली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर रुजली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातील पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातील मजुराला काम देण्याची ही व्यवस्था मला आजही फार मोलाची वाटते. मागेल त्याला काम मिळे, पण मजुरी कामाच्या मोजमापावर ठरे. त्यामुळे आळसाचा आक्षेप निदान या योजनेला लागू पडत नाही. (वृद्ध, निराधार आणि अपंग यांच्यावर मात्र कामाची अट घालणेच अन्यायाचे आहे.)

माझा आक्षेप दिरंगाईला आहे. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने मजुरी पंधरा दिवसांत देण्याचे बंधन घातले, तरी ती अनेकदा फार उशिरा मिळाली. ज्याला आठवडी बाजारासाठी आजच पैसे हवेत, तो रोख देणाऱ्या मुकादमाकडेच जाणार. आणि मग योजनेच्या कामावर मजूर दिसत नाहीत, म्हणजे लोकांना कामच नको, असे आपण समजून बसतो. मुकादम उचल वाटत फिरतात त्या दिवसांत गावात काम चालू आहे का आणि त्याचे पैसे आठवड्याच्या आठवड्याला हाती पडतात का, हे मी सर्वांत आधी पाहीन.