खुब्याचा एक्स-रे चांगला आहे, तरी रक्तातलं कोबाल्ट कशाला तपासायचं?

वडिलांचा खुबा ९ वर्षांपूर्वी नागपुरात बदलला, आता जांघेत दुखतं, एक्स-रेत काही नाही, तरी डॉक्टर कोबाल्ट तपासा म्हणतात. हा पैसे काढायचा धंदा आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही. करून घ्या.

माझी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, देखभालीत गेली. पाइप जोडणाऱ्या दोन फ्लँजच्या, म्हणजे चकत्यांच्या, फटीत पाणी मुरलं की बाहेरून चकचकीत दिसणारं स्टीलही आतून खाल्लं जातं, हे रोज पाहायचो. तेच माझ्या बदललेल्या डाव्या खुब्यात चाललंय, हे मात्र सुचलं नाही.

मांडीच्या हाडात बसवलेला दांडा बहुधा टायटॅनियमचा. त्याच्या निमुळत्या टोकावर गोळा ठोकून बसवतात. गोळा कोबाल्ट-क्रोमियमचा असला, तर चालताना त्या जोडात अगदी बारीक हालचाल होते आणि धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा खरवडतो. एरवी तो लगेच पुन्हा धरतो. फटीत प्राणवायू पुरत नाही, क्लोराइड साठतं, आम्लता वाढते, धातू विरघळू लागतो. आजूबाजूचं मांस बिथरतं, पाणी साठतं, गाठही होते. हाड शाबूत असेल तर एक्स-रे काय दाखवणार?

गोळा आणि वाटी दोन्ही धातूची, असे खुबे जास्त बदनाम झाले; डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा असा खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला होता. माझ्या वाटीला प्लास्टिकचं अस्तर, म्हणून मी निर्धास्त. सुईने काढलेलं पाणी पुवासारखं दिसलं, तर इन्फेक्शन समजून सहा आठवडे अँटिबायोटिक खाल्ली. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काहीच वाढलं नाही.

रक्त देताना सूक्ष्म धातूंसाठीची गडद निळ्या टोपणाची नळी आहे ना, ते बघा. माझं पहिलं सॅम्पल साध्या नळीत घेतल्याने वाया गेलं. बी-१२ चालू असेल तर सांगा, त्यातही कोबाल्ट असतं. कोबाल्ट क्रोमियमपेक्षा बरंच जास्त आलं, तर संशय दांडा आणि गोळ्याच्या त्या जोडावरच. मग धातूची सावली कमी करणारा एमआरआय सांगतील.

माझा दांडा पक्का होता, तो तसाच ठेवला. टोक साफ करून, टायटॅनियमची बाही चढवून सिरॅमिकचा गोळा बसवला. जुना गोळा मी मागून घेतला. बाहेरून आरसा, आतल्या भोकात काळं किटण, जळक्या वंगणासारखं.

आणि हो, डिस्चार्जच्या फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात. गोळा कशाचा, ते त्यावरच कळेल. डॉक्टरांकडे जाताना फाइल न्या.