कम्युनिटी कॉलेजातून ऑनलाइन पॅरालीगल करायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की पुण्याचं बी.कॉम. आहे, वय ३९, सॅन होजेत राहता, मुलं आता दिवसभर शाळेत असतात आणि एच-४ (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वरचं ईएडी, म्हणजे नोकरीचा परवाना, नुकतंच हातात आलंय. जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या यादीत ऑनलाइन पॅरालीगल (वकिलाच्या हाताखाली कायद्याचं काम करणारा मदतनीस) सर्टिफिकेट दिसलं. तुमचे प्रश्न दोन: सुरुवात कुठून करायची, आणि इंग्रजी झेपेल का.

मी याच वाटेने गेले आहे, आता एका छोट्या लॉ फर्ममध्ये दिवाणी दाव्यांचं काम करते. म्हणून आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर: या सत्रात एकच विषय घ्या. ‘इंट्रोडक्शन टू पॅरालीगल स्टडीज’ किंवा तशाच नावाचा, तीन युनिटांचा (युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप). उत्साहात चार विषय घेणाऱ्यांपैकी निम्मे चेहरे ऑक्टोबरात दिसेनासे होतात, हे मी तीन सत्रं पाहिलंय. पॅरालीगलचं काम आपल्याला आवडेल का, हे त्या एका विषयात कळतं.

काम नेमकं काय, तेही सांगते. माझे वडील साताऱ्याला कोर्टात एका वकीलसाहेबांचे कारकून होते. मी फोनवर त्यांना कोर्सचे विषय वाचून दाखवले: दाव्याचे मसुदे, तारखा सांभाळणं, पुराव्याच्या फायली लावणं, अशिलाकडून माहिती काढून घेणं. ते म्हणाले, “अगं, मग हे आमचंच काम की! फक्त पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) इंग्रजीत द्यायची.” अगदी तसं नाही. इथे पॅरालीगल कायद्याचा शोध घेतो, अर्जांचे कच्चे मसुदे लिहितो, आणि त्याच्या तासांचं बिल अशिलाला लागतं. पण गाभा तोच. (आपल्याकडे विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल व्हॉलंटियर असतात, ते प्रकरण निराळं. घरच्यांना सांगताना घोळ होतो.)

आता नाव नोंदवण्याआधीची एक तपासणी. बहुतेक राज्यांत पॅरालीगल व्हायला काय शिकलेलं हवं, याचा कायदाच नाही. कॅलिफोर्नियात आहे. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम ६४५० उघडून वाचा, दोन-तीन पानांचंच आहे. त्यातले तुमच्या कामाचे रस्ते तीन. पहिला, अमेरिकन बार असोसिएशनने म्हणजे एबीएने मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमाचं सर्टिफिकेट. दुसरा, मान्यताप्राप्त कॉलेजचं असं सर्टिफिकेट ज्यात कायद्याशी संबंधित किमान २४ सेमेस्टर युनिट पूर्ण करावी लागतात. क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात हाच आकडा ३६ होतो. तिसरा, कुठल्याही विषयाची पदवी, वकिलाच्या हाताखाली किमान एक वर्ष कायद्याचं काम, आणि तुम्ही हे काम करायला पात्र आहात असं त्या वकिलाचं लेखी निवेदन. बी.कॉम. असल्यामुळे तिसरा रस्ता तुम्हाला कागदावर खुला दिसेल, पण अनुभव नसताना ते वर्षभराचं काम देणार कोण, हा प्रश्न उरतोच. म्हणून सर्टिफिकेट.

कॉलेजच्या काउन्सेलरला मेल करून एवढंच विचारा: हे सर्टिफिकेट एबीए मान्यताप्राप्त आहे का, आणि नसेल तर त्यात कायद्याची २४ सेमेस्टर युनिट भरतात का? उत्तर लेखी ठेवा. काही कॉलेजांत ‘लीगल’ शब्द असलेली छोटी सर्टिफिकेटं असतात, १२-१५ युनिटांची. ती ऑफिस असिस्टंटसाठी असतात आणि कलम ६४५० मध्ये बसत नाहीत. एबीएच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. सगळी व्याख्यानं रेकॉर्ड केलेली, हवी तेव्हा बघा, अशा अभ्यासक्रमाला त्यांची मान्यता मिळत नाही. कायद्याच्या विषयांचा काही भाग प्रत्यक्ष किंवा झूमवर ठरल्या वेळी थेट शिकवावाच लागतो. तेव्हा यादीत ‘ऑनलाइन’ लिहिलंय म्हणून संध्याकाळ मोकळी समजू नका. मुलांच्या पोहण्याच्या क्लासची वेळ आधी पडताळा.

पैशांचं थोडक्यात. राज्याच्या रहिवाशाला कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर पडतात. म्हणजे २४ युनिटांचे ११०४, शिवाय किरकोळ फी आणि पुस्तकं. रहिवासी ठरायला सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिलेलं असावं लागतं, नाहीतर आकडा कित्येक पटींनी वाढतो. एच-४ वर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही आणि रहिवासीही ठरता येतं, पण कागद मागतात: भाडेकरार, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स. अर्ज सीसीसीअप्लाय या साइटवर फुकट भरता येतो. तिथे व्हिसाचा प्रकार चुकीचा निवडला की व्यवस्था तुम्हाला गुपचूप परराज्यातल्यांच्या रांगेत टाकते आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. तसं झालं तर घाबरू नका, अ‍ॅडमिशन्स ऑफिसात कागद दिले की दुरुस्त होतं. सरकारी शिष्यवृत्तीचा फॅफ्सा मात्र एच-४ ला लागू नाही, ग्रीन कार्ड आल्यावर बघा.

आता माझी फजिती. पहिल्या सत्रात वर्ग सोमवारी सुरू झाला. ऑनलाइन आहे, शनिवारी निवांत बसून बघू, असं मी ठरवलं. शुक्रवारी दुपारी मेल आला की तुम्हाला वर्गातून काढण्यात आलं आहे. कॅनव्हासवर म्हणजे त्यांच्या वर्गाच्या साइटवर पहिल्या तीन दिवसांत चर्चेच्या पानावर आपली ओळख लिहायची होती. ज्यांनी नाही लिहिली ते गैरहजर. वेटलिस्टवर लोक ताटकळत असतात, त्यामुळे प्राध्यापक गैरहजरांची नावं लगेच कापतात आणि जागा पुढच्याला देतात. मला जागा परत मिळाली नाही, ते सत्रच हुकलं. तुम्ही पहिल्या दिवशी सकाळी लॉग-इन करा, सिलॅबस पूर्ण वाचा आणि ओळखीच्या चार ओळी लगेच टाका. उलट तुम्हीच वेटलिस्टवर असाल तर पहिल्या दिवशी प्राध्यापकांना नम्रपणे मेल टाका. कुणाचं तरी नाव कापलं जातंच, मग अ‍ॅड कोड, म्हणजे वर्गात नाव घालायचा क्रमांक, मिळतो.

हे एवढं सांगण्याचं कारण आहे. घरबसल्या शिकताना या कोर्सात खरं शिक्षण मिळतं ते मुदतीचं. कॅनव्हास रात्री ११:५९ ला बंद होतं आणि बारा वाजता कुणी ऐकून घेत नाही. आपल्याकडे कोर्टात मुदतीचा अर्ज दिला की तारीख पडते, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) द्यायला ३० दिवसांचे ९० दिवस होऊ शकतात, ही सवय आपल्या हाडीमांसी असते. इथे प्रतिवादीने वेळेत उत्तर दिलं नाही तर समोरचा डिफॉल्ट, म्हणजे एकतर्फी कारवाई, मागून मोकळा होतो.

दिवस मोजण्याचा गृहपाठ मला अजून आठवतो. कॅलिफोर्नियात समन्स हातात दिल्यापासून उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. गणित असं होतं: ४ ऑक्टोबर २०२४, शुक्रवारी समन्स प्रत्यक्ष बजावलं, तर शेवटची तारीख कोणती? मी बोटांवर मोजून २ नोव्हेंबर लिहिलं. चूक. ज्या दिवशी समन्स मिळालं तो दिवस धरायचाच नाही, मोजणी ५ तारखेपासून. तिसावा दिवस येतो ३ नोव्हेंबर, रविवार. शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर मुदत पुढच्या कामाच्या दिवशी संपते, म्हणून उत्तर सोमवार, ४ नोव्हेंबर. मधले शनिवार-रविवार मात्र मोजायचे. हाच दावा फेडरल कोर्टात असता तर ३० ऐवजी २१ दिवस. आणि मोशनची (चालू दाव्यात कोर्टाकडे केलेल्या अर्जाची) नोटीस सुनावणीच्या आधी १६ दिवस द्यायची असते तेव्हा ते १६ कोर्टाचे दिवस, तिथे शनिवार-रविवार वगळायचे. वडिलांना हे सांगितलं तर ते हसले. पहिला दिवस सोडायचा हे त्यांना ठाऊकच होतं, आपल्या मुदतीच्या कायद्यातही तसंच आहे. त्यांच्या लाल कापडी डायरीत प्रत्येक दाव्याची तारीख दोनदा लिहिलेली असायची, एकदा पानावर आणि एकदा मागच्या यादीत. मी आता फर्मच्या कॅलेंडरवर टाकते आणि माझ्या वहीतही. सवय तिथलीच.

इंग्रजीचं. बोलण्याच्या इंग्रजीची काळजी सोडून द्या, तुमच्या वर्गात व्हिएतनामी, मेक्सिकन, फिलिपिनो, सगळे असतील. लिहिण्याचं इंग्रजी मात्र घासून घ्यावं लागतं, आणि त्यात अडचण व्याकरणाची कमी, आपल्या पाल्हाळाची जास्त. पहिल्याच असाइनमेंटमध्ये आम्हाला कुत्रा चावल्याची केस होती: टपाल टाकायला अंगणात आलेल्या पोस्टमनला घरमालकाचा कुत्रा चावतो, मालक म्हणतो हा याआधी कुणालाच चावला नव्हता. मी दीड पान लिहिलं. कुत्रा, फाटक, पोस्टमनची वेदना, सगळं आलं. प्राध्यापिकेने समासात दोनच शब्द लिहिले, “नियम कुठे?” नियम होता सिव्हिल कोडचं कलम ३३४२: सार्वजनिक जागी, किंवा खासगी जागेत कायदेशीरपणे आलेल्या माणसाला कुत्रा चावला तर मालक जबाबदार, कुत्रा आधी चावरा होता की नव्हता याने फरक पडत नाही. टपालाच्या कामावर आलेला माणूस कायदेशीरपणेच आलेला, हेसुद्धा कलमातच आहे. हे चार ओळींत मावतं: प्रश्न, नियम, नियम या घटनेला कसा लागू, निष्कर्ष. याला आयरॅक म्हणतात आणि सगळं लीगल रायटिंग याच साच्यात बसवायचं असतं. ‘इंग्लिश सी-१०००’ (पूर्वीचं ‘इंग्लिश वन-ए’) किंवा त्या दर्जाचा रचनेचा विषय दुसऱ्या सत्रात घ्या, पुष्कळ कॉलेजांत लीगल रायटिंगच्या आधी तो लागतोच.

संशोधनाच्या विषयात वेस्टलॉ किंवा लेक्सिस या कायदे-खटले शोधायच्या साइटचं विद्यार्थी खातं मिळतं. ते मिळालं की रोज थोडं चाळा, बाहेर त्याचे पैसे परवडणारे नाहीत. खटला सापडला की तो अजून ग्राह्य आहे का, हे तपासल्याशिवाय वापरायचा नाही, हे पहिल्या आठवड्यापासून घोकून घेतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले दाखल केले आणि ५००० डॉलर दंड बसला. आमच्या ऑफिसात तेव्हापासून वकिलाच्या मसुद्यातला प्रत्येक संदर्भ कोर्टात जाण्याआधी पॅरालीगल उघडून बघतो. म्हणजे मीच.

सर्टिफिकेटचा नुसता वास लागला तरी मंडळाच्या गणपतीत लोक विचारायला लागतील, “आमचा ग्रीन कार्डचा फॉर्म जरा बघता का?” इथे तोंड घट्ट बंद. वकिलाच्या देखरेखीशिवाय लोकांना परस्पर सेवा देणं आणि कायदेशीर सल्ला देणं, दोन्ही पॅरालीगलला मना आहे, फुकट दिला तरी. मी सरळ सांगते की मला परवानगी नाही, वकील गाठा. दोन वहिनी वर्षभर रागावल्या होत्या.

नोकरीचं खरं सांगायचं तर पहिली खुर्ची बहुधा ‘लीगल असिस्टंट’ म्हणून मिळते: फोन, स्कॅनिंग, ई-फायलिंग. सरकारी आकडेवारीनुसार मे २०२३ मध्ये देशभरातल्या पॅरालीगलांचं मध्यक वार्षिक वेतन (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) ६०,९७० डॉलर होतं, पण सुरुवात त्याच्या खालीच होते असं धरून चाला. बी.कॉम.ची हिशेबाची बाजू वापरा, प्रोबेट (मृताच्या मालमत्तेची वाटणी) आणि दिवाळखोरीचं काम करणाऱ्या छोट्या फर्मांना ताळेबंद वाचणारं माणूस हवं असतं. कामाला लागल्यावर दर दोन वर्षांनी आठ तासांचं शिक्षण करावं लागतं, चार तास नीतिनियमांचं आणि चार कायद्याचं. ईएडीची मुदत संपत आली असेल तर नोकरी किंवा बिनपगारी इंटर्नशिप, दोन्हींच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. “पगार नाही म्हणजे चालतं” असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पुस्तक पहिल्या आठवड्याआधी विकत घेऊ नका. वेळापत्रकात ज्या वर्गापुढे झेडटीसीची खूण असते त्याला पुस्तकाचा खर्च शून्य असतो. बाकीच्यांची जुनी आवृत्ती चालेल का, हे प्राध्यापकांना विचारलं तर बहुतेक हो म्हणतात. मी पहिल्याच दिवशी नवंकोरं टॉर्ट्सचं (नुकसानभरपाईच्या कायद्याचं) पुस्तक घेतलं होतं. ज्या वर्गातून शुक्रवारी काढलं, त्याच वर्गाचं.