'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गाणं मूळ कोणाचं, लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचंच ना?
नाही हो, मूळ गाणं अमेरिकन ब्लूज गायिका-गिटारवादक मेम्फिस मिनी आणि तिचा नवरा कॅन्सस जो मॅकॉय यांचं, १९२९ ला रेकॉर्ड झालेलं, आणि विषय १९२७ चा मिसिसिपी नदीचा महापूर, ज्यात बांध (म्हणजेच 'लेव्ही') फुटून लाखो लोक बेघर झाले, काळ्या शेतमजुरांचे तर सगळ्यात जास्त हाल झाले. गायलाय कॅन्सस जोने, पण लक्ष देऊन ऐका ते मिनीचं गिटार, काय बोटं चालतात तिची! झेपेलिनने १९७१ च्या चौथ्या अल्बममध्ये ते एकदम संथ आणि जड केलं, हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात ड्रम्स जिन्याच्या तळाशी ठेवले आणि माइक वरून टांगले म्हणून तो घुमणारा आवाज आलाय. अल्बमवर क्रेडिटमध्ये मिनीचं नाव आहे पण जोचं नाही, हे मला अजूनही खटकतं.