पहिल्यांदाच माशांच्या टाकीत झाडं लावतोयस तर

सुरुवात अनुबियास आणि जावा फर्न या पाण्यातल्या झाडांपासून कर. दोन्हींना कमी उजेड चालतो, वेगळा कार्बन डायऑक्साइड द्यावा लागत नाही. फक्त त्यांचा आडवा जाड कंद वाळूत पुरू नकोस, पुरलास की कुजलाच. दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांध, मुळं आपोआप धरतात. मी पहिलं अनुबियास तुळशीसारखं खोचलं होतं, महिन्याभरात चिखल झाला.

वाळू मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावरून उचलून आणायचा मोह होईल. आणू नकोस. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि त्यातल्या चुन्याने पाणी हळूहळू जड होतं. वाळू कुठलीही असो, चमचाभर घेऊन तिच्यावर माडाचा व्हिनेगर ओत. फसफसली तर टाकीत नको. नळाचं पाणी मात्र एक रात्र बादलीत उघडं ठेवून वापर, क्लोरीन बरंचसं उडून जातं.

क्रिप्टोकोरीन हे पाण्यातलं झाड घेतलंस तर घाबरायची तयारी ठेव. नव्या पाण्यात त्याची पानं विरघळतात. उपटू नकोस, मुळं जिवंत असतात, काही आठवड्यांत नवी पानं येतात. (आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतही याच्या जाती उगवतात, बरं का.)

दिवा सहा-सात तास पुरे. टाकी खिडकीत ठेवलीस तर शेवाळ तुझ्याआधी संसार थाटेल. आणि छाटलेली झाडं शेजारच्या तळीत टाकू नकोस, वाळवून माडाच्या आळ्यात घाल.